१५/४३ च ठेवायचं: चेन-स्प्रॉकेट बदलाच्या नोंदी

७ जानेवारी

चेन ताणली की थोड्याच दिवसांत पुन्हा सैल होते. त्यात चाक हाताने फिरवलं की एका जागी मधोमध बोटभर लोंबते आणि थोडं पुढे गेलं की ताठ होते. ही दोन लक्षणं एकत्र आली की नुसतं ताणत बसण्यात अर्थ नाही. गाडी १५० सीसीच्या गटातली मोटरसायकल, एक सिलिंडर. चेन ४२८ मापाची, पुढच्या स्प्रॉकेटला (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीला) १५ दात, मागच्याला ४३. चेनवर वरून पत्र्याचं गार्ड आहे, पूर्ण बंद केस नाही. धूळ आणि पाणी थेट चेनवर.

आज फक्त मोजमाप. मेन स्टँडवर गाडी, गिअर टाकलेला, मागचं चाक हाताने पुढे दाबून धरलं की चेनची खालची बाजू ताणली जाते. तिथे एका पिनेच्या डाव्या कडेपासून एकविसाव्या पिनेच्या डाव्या कडेपर्यंत, म्हणजे २० कड्या. ४२८ ची पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच, १२.७ मिमी, त्यामुळे नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिमी भरायला हवं. माझ्या चेनवर वेगवेगळ्या जागी २५६.२, २५७.१ आणि २५७.८ मिमी भरलं. सर्वांत वाईट जागी दीड टक्का.

झीज किती हा मुद्दा आहेच, पण मला त्यातला फरक जास्त खटकला. सगळीकडे सारखीच लांबलेली चेन निदान एकसारखी ताणता तरी येते. ही कुठे ०.९ टक्के लांबली आहे, कुठे दीड. मग ताठ जागेला बेतून सैल सोडली तर सैल जागी फटके मारते.

लांबते म्हणजे पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, एकमेकांवर घासतात आणि तिथे जागा होते. सरासरी २५७ धरली तर एका सांध्यात ०.१५ मिमी. ११८ कड्यांना गुणलं की जवळपास १८ मिमी, म्हणून मागचा एक्सल मूळ जागेपासून साधारण ९ मिमी मागे सरकलेला. अ‍ॅडजस्टरच्या खुणा पाहिल्या, तेवढंच आहे.

मर्यादा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वेगळी दिलेली असते आणि तीच पाळावी. पुस्तिका हाताशी नसेल तर माझा हिशोब असा: १ टक्का झाला की नवी शोधायला लागायचं, २ टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचं नाही.

८ जानेवारी

मागच्या स्प्रॉकेटवर, अगदी मागच्या टोकाला, चेन बोटांनी धरून मागे ओढली. अर्ध्यापेक्षा जास्त दात उघडा पडला. दात एका बाजूला कललेले दिसतात. पुढचं कव्हर काढलं तर पुढचं त्याहून वाईट, दातांना आकड्यासारखी वळणं. ते साहजिक आहे: मागचं एकदा फिरतं तोवर पुढचं २.८७ वेळा फिरतं, आणि तेवढ्या वेळा त्याचे दात भार घेतात.

म्हणजे पूर्ण सेट. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की रोलर (चेनच्या दातांवर टेकणाऱ्या फिरत्या नळ्या) त्या आकड्यात नीट बसत नाहीत. सारा भार एखाद-दुसऱ्या दातावर जातो आणि नवी चेन जुनीच्या वेगाने झिजते. उलटही तेच. तिन्हींपैकी एक वाचवून उरलेल्या दोघांचं आयुष्य घालवायचं नाही.

११ जानेवारी

चेनवरच्या आकड्यांबद्दल दोन ओळी लिहून ठेवतो, कारण ‘सेम साइझ’ म्हणून काहीही हातात पडतं. पहिला आकडा पिच सांगतो, इंचाच्या आठव्या हिश्शांत: ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे ५/८ इंच, १५.८७५ मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे: ४२० ला पाव इंच, म्हणजे ६.३५ मिमी, ४२८ ला ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिमी. ५२०, ५२५, ५३० मध्ये पिच एकच, रुंदी अनुक्रमे ६.३५, ७.९४ आणि ९.५३ मिमी.

म्हणून ४२० आणि ४२८ मध्ये गफलत होते. पिच सारखी असल्याने ४२८ ची चेन ४२० च्या स्प्रॉकेटवर बसते, फिरतेही, पण डावी-उजवीकडे डुलत राहते. उलट ४२० ची चेन ४२८ च्या दातांवर उतरतच नाही.

एच लिहिलेली चेन म्हणजे जाड पट्टीची. साध्या ४२८ मध्ये पट्टी साधारण दीड मिमी, ४२८ एच मध्ये दोन. पिच आणि आतली रुंदी तीच, म्हणून स्प्रॉकेट बदलावं लागत नाही. मला एच हवी. ५२० करून टाकावं असा सल्लाही मिळाला. या इंजिनाला त्याची गरज नाही, उगाच वजन आणि तिन्ही भाग वेगळ्या मापाचे.

१५ जानेवारी

मित्र गाडी बघायला आला आणि त्याचं ठरलेलं सुरू झालं. ‘एवढं करतोच आहेस तर पुढे एक दात कमी टाक. १४. पिकअप बघ मग.’

हे त्याचं म्हणणं खोटं नाही. ४३ भागिले १५ म्हणजे २.८६७. ४३ भागिले १४ म्हणजे ३.०७१. सात टक्के वाढ. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे तीन दात वाढवण्यासारखं (४६ भागिले १५ म्हणजे ३.०६७). मागच्या चाकावर ताकद सात टक्के जास्त मिळणार, चढावर डबलसीट असताना गिअर कमी बदलावा लागणार. पण टॉप गिअरमध्ये आज ज्या वेगाला इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेतं, त्याच वेगाला ५,८९० घेईल. मी बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने जातो. तिथे हे चारशे फेरे हँडलला, पायाला आणि पेट्रोलला सगळ्यांना कळतात.

स्पीडोमीटरचा प्रश्न माझ्या गाडीत येत नाही, कारण सेन्सर पुढच्या चाकावर आहे. ज्यांचा सेन्सर गिअरबॉक्सच्या बाजूला असतो, त्यांच्याकडे दात बदलले की काटा आणि किलोमीटर दोन्ही चुकायला लागतात.

पण माझा खरा आक्षेप दुसराच आहे. त्याला संध्याकाळी कागदावर काढून दाखवलं, इथेही लिहितो.

१६ जानेवारी

चेनमध्ये दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक असतात. आतल्या कडीत दोन बुश पट्ट्यांमध्ये दाबून बसवलेले, त्यांवर रोलर. बाहेरच्या कडीत दोन पिना दाबून बसवलेल्या. झीज पिन आणि बुश यांच्यात होते. त्यामुळे एकाच आतल्या कडीवरच्या दोन रोलरांमधलं अंतर कितीही चालवलं तरी फारसं बदलत नाही, पण एका आतल्या कडीचा शेवटचा रोलर आणि पुढच्या आतल्या कडीचा पहिला रोलर यांच्यातलं अंतर दुपटीने वाढतं. माझ्या चेनवर व्हर्निअर लावून पाहिला. चेन ताणलेली, सरासरी झीज असलेली जागा, रोलरच्या कडेपासून पुढच्या रोलरच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत. आतल्या कडीवर १२.७. बाहेरच्या कडीवर १३.०. पुन्हा १२.७, पुन्हा १३.०. अख्ख्या चेनभर आखूड-लांब, आखूड-लांब.

आता दात. चेनच्या कड्या नेहमी सम असतात, माझ्या ११८. स्प्रॉकेटचे दातही सम असले, समजा १४, तर एका फेऱ्यात चेन १४ रोलर पुढे जाते. आज ज्या दातावर आतल्या कडीचा पहिला रोलर पडला, त्या दातावर उद्याही पहिलाच रोलर पडणार, आणि शेजारच्या दातावर कायम दुसराच. काही दात सतत लांब पिचचा मार खातात आणि काही सतत सुटतात. १५ दातांवर असं होत नाही. दर फेऱ्याला पहिला-दुसरा अदलाबदल होते, प्रत्येक दाताला दोन्ही वाट्याला येतात. त्यातही १५ आणि ११८ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, ४३ आणि ११८ यांनाही नाही. म्हणजे प्रत्येक दात कालांतराने प्रत्येक रोलरला भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. ज्याने ही गाडी बनवताना १५/४३ निवडलं, त्याने ते हवेत निवडलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी लहान स्प्रॉकेटच्या विरोधात जातात. चेन स्प्रॉकेटभोवती गोल फिरत नाही, बहुकोनावर फिरते; त्यामुळे इंजिन एकाच गतीने फिरत असलं तरी चेनचा वेग दर दाताला किंचित कमी-जास्त होतो. १५ दातांवर हा फरक २.२ टक्के, १४ वर २.५, १३ वर २.९. शिवाय १५ दातांचा पिच व्यास ६१.१ मिमी, १४ चा ५७.१. व्यास कमी म्हणजे तेवढ्याच टॉर्कला चेनवरचा ओढ सात टक्के जास्त, आणि वरची बाजू स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) रबरी स्लायडरला दोन मिमी जवळ. माझा स्लायडर आधीच खोबणीसारखा झिजलाय.

१६/४६ चाही विचार केला. रेशो २.८७५, जवळपास तोच, आणि मोठी स्प्रॉकेटं चेनला केव्हाही बरी. पण दोन्ही सम, चेन १२० कड्यांची लागणार, आणि पुढच्या कव्हरमध्ये १६ दातांवरची चेन घासणार नाही याची खात्री नाही.

मित्राला कागद पटला. गाडी मात्र तो स्वतःची १४ वरच चालवणार म्हणाला. त्याचा रोजचा रस्ता सगळा चढाचा आहे, त्याला ते योग्यच आहे.

निर्णय: १५/४३ च.

१९ जानेवारी

चेनची लांबी. जुनी ११८ ची आहे, पण आधी कोणी कडी घातली-काढली असेल तर? म्हणून हिशोब करून पडताळली. पुढच्या शाफ्टच्या मध्यापासून मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत, एक्सल अ‍ॅडजस्टरच्या पुढच्या बाजूला आणून, ५६० मिमी. पिचमध्ये ४४.०९. त्याची दुप्पट ८८.१९. त्यात दोन्ही दातांच्या बेरजेचा निम्मा, २९. त्यात दातांचा फरक २८ भागिले ६.२८३, त्याचा वर्ग, भागिले ४४.०९, म्हणजे ०.४५. एकूण ११७.६. पुढची सम संख्या ११८. बरोबर.

चेन १२० कड्यांची मिळते आहे. दोन कड्या काढाव्या लागतील, जोडकडी धरून ११८ मोजायच्या.

२३ जानेवारी

सील असलेली की साधी, यावर बरेच दिवस घोळ चालू होता. साध्या चेनमध्ये पिन आणि बुशच्या मध्ये जे काही वंगण जातं ते बाहेरून, आपण घालू तेवढं. सीलवाल्यात तिथे कारखान्यातच ग्रीस भरतात आणि आतल्या-बाहेरच्या पट्टीमध्ये रबरी रिंग बसवतात, म्हणजे ग्रीस बाहेर येत नाही आणि धूळ आत जात नाही. ओ-रिंग साधी गोल छेदाची. एक्स-रिंगला चार कडा असतात, ती कमी दाबावर सील करते आणि घर्षणही कमी. नव्या सीलवाल्या चेनवर चाक हाताने फिरवलं तर जड वाटतं, ते रिंगांमुळे, आणि छोट्या इंजिनाला ते थोडंफार जाणवतं. सात-आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला, पूर्ण बंद केस असलेल्या, मी साधी ४२८ एच च सुचवेन. तिथे चेन तेलात भिजलेली राहते आणि धूळ येत नाही. माझी उघडी आहे. मला सील हवी.

अडचण रुंदीची. सीलवाल्या चेनची पिन लांब असते, रिंगांना जागा लागते म्हणून. साध्या एच पेक्षा दोन-तीन मिमी जास्त. आतली रुंदी तीच, बाहेरची वाढते. पुढच्या कव्हरच्या आत आणि स्विंग आर्मच्या बाजूला किती जागा आहे ते बघायला लहान मुलांची खेळायची माती चेनच्या पिनांवर लावली, कव्हर बसवलं, चाक हळूच फिरवलं, कव्हर काढलं. सर्वांत पातळ जागी मातीचा थर ६ मिमी. इंजिनाच्या बाजूला त्याहून जास्त. पुरेसं.

२५ जानेवारी

स्प्रॉकेट: दोन्ही पोलादाची. मागचं अ‍ॅल्युमिनियमचं काही ठिकाणी मिळतं, दिसायला छान आणि हलकं. वाचतात ते काहीशे ग्रॅम, आणि दात पोलादापेक्षा लवकर जातात. रोज रस्त्यावरच्या गाडीला ते कशाला.

सामान आलं, जुन्याशी पडताळून घेतलं: पुढच्याचे स्प्लाइन (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचा) मोजले, भोक शाफ्टवर सरकवून पाहिलं, बाजूची उंची (एका बाजूला कड उंच असते, ती उलटी बसली तर चेनची ओळ जाते), मागच्याचं मधलं भोक हबवर, चार बोल्टांची भोकं जुन्यावर ठेवून. दातांची जाडी दोन्हींची साधारण ७ मिमी, म्हणजे ४२८ चीच. मग कानस. पुढच्याच्या एका दाताच्या बाजूला बारीक कानस दाबून ओढली तर ती घसरली, नुसती चमक आली. दातापासून दूर, मधल्या भागावर तीच कानस लगेच चावली आणि भुसा निघाला. दात कडक आणि मधलं मऊ, हेच हवं असतं. जे दातावरही तितक्याच सहज चावतं, ते परत करायचं.

१ फेब्रुवारी

बसवलं.

पहिलं काम चेन काढायच्या आधीच: पुढच्या स्प्रॉकेटची प्लेट धरणारे दोन बोल्ट सैल करून घेणं. चेन असताना मागचा ब्रेक दाबला की शाफ्ट फिरत नाही. चेन गेल्यावर हे बोल्ट सोडवायला वेगळं हत्यार लागतं. मग जुन्या चेनच्या एका पिनेची दोन्ही डोकी ग्राइंडरने सपाट केली आणि पिन ढकलणाऱ्या हत्याराने बाहेर काढली. डोकं न घासता नुसतं ढकलायला गेलं की हत्याराचीच सुई वाकते.

पुढच्या कव्हरमध्ये ग्रीस, वाळू आणि चिखल यांचा काळा थर होता. खरवडून, रॉकेलने धुऊन काढला. त्यानंतरच शाफ्टचं ऑइल सील गळतंय का हे दिसतं. गळत नाही.

मागच्या हबमधली रबरं: स्प्रॉकेट धरून पुढे-मागे हलवलं तर अर्धा इंच खेळ. चारही बदलली. ही रबरं संपलेली असली की प्रत्येक क्लच सोडताना चेनला झटका बसतो, आणि नव्या चेनला तो झटका द्यायचा नाही. हबमधलं बेअरिंग बोटाने फिरवलं, गुळगुळीत आहे, राहू दिलं. मागच्या स्प्रॉकेटचे चार बोल्ट समोरासमोर, आलटून-पालटून, पुस्तिकेतल्या टॉर्कला. लॉकपट्टीचे कान नवे वाकवले.

नवी चेन कापताना लक्षात ठेवायचं ते एवढंच: दोन्ही टोकांना आतल्या कड्या उरल्या पाहिजेत, म्हणजे जोडकडी बाहेरची बसते. जोडकडीला चार रिंग असतात, दोन आतल्या बाजूला आणि दोन वरच्या पट्टीखाली. जोडकडीबरोबर आलेलं ग्रीस पिनांना सढळ लावलं. वरची पट्टी हाताने बसत नाही, दाबायला लागते. किती दाबायची? व्हर्निअरने शेजारच्या कडीची बाहेरची रुंदी मोजली आणि जोडकडी तेवढीच होईपर्यंत दाबली. जास्त दाबली तर रिंग चिरडतात आणि तो सांधा ताठ राहतो. कमी दाबली तर लॉकची पट्टी खाचेत पूर्ण बसत नाही. लॉकचं बंद तोंड चेन ज्या दिशेने जाते तिकडे. वरच्या बाजूला असताना ते गाडीच्या पुढच्या दिशेला हवं.

२ फेब्रुवारी

ओळ. जुन्या मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची आतली बाजू आरशासारखी चमकत होती, बाहेरची काळी. म्हणजे चाक तिरकं चालत होतं. स्विंग आर्मवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्या होत्या, तरीही. त्यामुळे खुणांवर विसंबलो नाही. स्विंग आर्मच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजलं, २ मिमीचा फरक निघाला. तो काढला, आणि मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला सरळ सळई लावून चेनच्या समांतर आहे का बघितलं.

एक्सलचा नट घट्ट करताना चेन नेहमी किंचित जास्त ताणली जाते. त्यावर उपाय: मागच्या स्प्रॉकेट आणि चेनच्या मध्ये दुमडलेली चिंधी घालून चाक मागे फिरवायचं, म्हणजे एक्सल पुढे ओढला जातो आणि अ‍ॅडजस्टरवर टेकतो, तसं धरून नट आवळायचा. पुस्तिकेतला सैलपणा २५ ते ३५ मिमी, खालच्या बाजूला मधोमध. चाक फिरवत सर्वांत ताठ जागा शोधली आणि तिथे ३० ठेवला.

सर्वांत जास्त ताण गाडी दबलेली असताना येतो, पुढचा शाफ्ट, स्विंग आर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की. त्यासाठी दोघांना गाडीवर बसवून दाबून पाहिलं. तेव्हाही चेन बोटाने हलत होती.

२० कड्या: २५४.१ मिमी, तीन वेगवेगळ्या जागी तोच आकडा.

५ फेब्रुवारी

चालवली. जुन्या चेनचा खडखडाट गेला तो अपेक्षितच होता. जास्त फरक पडला तो हळू वेगात गिअर सोडल्यावर. पूर्वी ठक् व्हायचं, आता नाही. त्यातलं निम्मं श्रेय मी हबच्या रबरांना देईन.

२१ फेब्रुवारी

पहिले ५०० किमी. सैलपणा ३० वरून ३४. मर्यादेत आहे, तरी अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे सारखेच आवळून ३० वर आणला. २० कड्या २५४.२. चेनलॉक जागेवर. मागच्या दातांच्या दोन्ही बाजू सारख्याच, कुठल्या एका बाजूला चमक नाही.

पुसायला रॉकेल आणि मऊ ब्रश, वर गिअर ऑइल, जास्तीचं फडक्याने टिपून. पेट्रोल, तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणी या तिन्हींनी रिंग खराब होतात, त्यामुळे गाडी धुवायला दिली की धुणाऱ्याला आधीच सांगतो: ‘भाऊ, चेनवर फवारा नको.’ पुढचं मोजमाप ३,००० किमीला, त्याच तीन जागी. जागांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले आहेत.